सदनिकेतील गळतीची तक्रार दुरुस्तीविना निकाली काढल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
गृहनिर्माण मंडळ

विषय : गळतीची दुरुस्ती करून मिळणे, तसेच तक्रार निवारणाच्या पद्धतीत सुधारणा होणेबाबत.

महोदय,

आपल्या मंडळाच्या सोडतीत अल्प उत्पन्न गटातून मला सदनिका लागली आणि देकार पत्रात (सदनिका देऊ केल्याच्या पत्रात) नमूद केलेली संपूर्ण रक्कम भरल्यानंतर २०२३ साली मला तिचा ताबा मिळाला. भाड्याच्या घरांत आयुष्य काढलेल्या आमच्या कुटुंबासाठी हे पहिले हक्काचे घर आहे आणि ते मंडळामुळे मिळाले, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हे पत्र मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

दुसऱ्या पावसाळ्यापासून न्हाणीघर आणि आतली खोली यांच्यामधल्या भिंतीत ओल उतरू लागली. आज त्या भिंतीचा गिलावा कमरेच्या उंचीपर्यंत फुगला आहे, हात लावला की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि ओल विजेच्या बोर्डाच्या चौकटीपर्यंत पोचल्यामुळे त्या बोर्डावरची बटणे आम्ही वापरणे बंद केले आहे. त्याच भिंतीला लागून माझ्या वृद्ध सासूबाईंचा पलंग होता. तो आता बाहेरच्या खोलीत हलवावा लागला आहे. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने त्यांच्या न्हाणीघराची तपासणी आमच्यासमोर करून दिली. इमारतीला नेहमी येणाऱ्या नळ कारागिराच्या मते सांडपाण्याच्या उभ्या नळाचा भिंतीतला सांधा निसटलेला आहे. त्याचे म्हणणे बरोबर की चूक, हे मंडळाच्या अभियंत्याने येऊन पाहिल्याखेरीज ठरणार नाही, आणि नेमके तेच अद्याप झालेले नाही.

या संदर्भात मी मिळकत व्यवस्थापकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. बांधकामातील दोष आपल्या अखत्यारीत येत नाही, कार्यकारी अभियंत्यांकडे जावे, असे तेथे सांगण्यात आले. कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात गेले असता, इमारत हस्तांतरित झाल्यामुळे अर्ज मिळकत व्यवस्थापकांमार्फतच यायला हवा, असे उत्तर मिळाले. दोन्ही कार्यालये एकाच इमारतीत आहेत. अर्जाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मिळाला, पण शिक्क्यातील क्रमांकाची जागा कोरी ठेवण्यात आली. क्रमांक मागितल्यावर ‘नोंद संध्याकाळी होते, उद्या फोन करा’ असे सांगण्यात आले. त्या दूरध्वनीवर बहुतेक वेळा कोणी बोलले नाही, आणि ज्या दिवशी बोलले त्या दिवशी आवक क्रमांकाशिवाय काही सांगता येणार नाही असे सांगितले.

अखेरीस मी मंडळाच्या ऑनलाइन यंत्रणेवर भिंतीच्या छायाचित्रांसह तक्रार नोंदवली. काही दिवसांनी भ्रमणध्वनीवर संदेश आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तपशील उघडून पाहिला तर शेऱ्याच्या रकान्यात एवढेच होते : ‘संबंधित विभागास कळविले.’ कोणत्या विभागास, कोणत्या तारखेस, कोणत्या अधिकाऱ्यास, याचा उल्लेख नाही. त्याखाली सेवेला तारे देण्याची सोय आहे. तक्रार पुन्हा उघडण्याची सोय नाही.

माझी मुख्य तक्रार याच एका शेऱ्याबद्दल आहे. गळती ही कोणत्याही बांधकामात होऊ शकते, ती दुरुस्तही होते. परंतु तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणे म्हणजेच तिचे निवारण, असे मंडळाची यंत्रणा धरून चालत असेल, तर मंडळाच्या मासिक अहवालात माझे घर कोरडे झालेले असणार आणि भिंत मात्र ओलीच राहणार. आपल्यासमोर येणाऱ्या निकाली तक्रारींच्या आकड्यात अशा किती तक्रारी मिसळलेल्या आहेत, हे आपण स्वतः तपासावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्याची बाजूही आपल्या निदर्शनास आणते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील प्रवर्तकाच्या, म्हणजे घरे बांधून देणाऱ्याच्या, व्याख्येत सदनिका बांधणाऱ्या सार्वजनिक संस्थांचाही समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो तीस दिवसांत, कोणतेही जादा शुल्क न घेता दूर करणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे. माझा ताबा २०२३ चा असल्याने ही मुदत अद्याप संपलेली नाही. तसेच माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. याच अधिनियमाखालचा अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाकडे वर्ग करायचा झाल्यास तो पाच दिवसांत वर्ग करून अर्जदारास तसे कळवावे लागते. दोन स्वतंत्र प्राधिकरणांमध्ये जे होऊ शकते, ते आपल्या दोन मजल्यांमध्ये का होऊ नये?

मंडळाकडे आमच्या नोंदी नाहीत, असेही नाही. सेवाशुल्काची मागणी नोटीस अचूक सदनिका क्रमांकासह आणि ठरल्या वेळी येते, आणि ती मी वेळेवर भरते. आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या एका विधवा भगिनींना पतीच्या पश्चात सदनिका आपल्या नावावर करून घ्यायची आहे. प्रत्येक वेळी त्यांना एक नवे कागदपत्र सांगितले जाते आणि संपूर्ण यादी मात्र कोणी हातात देत नाही. त्या दर वेळी रोजंदारी बुडवून येतात. दूरध्वनीवर नीट उत्तर मिळाले असते तर त्यांचा हा त्रास टळला असता. या साऱ्याचे मूळ एकच आहे : विचारणाऱ्याला उत्तर देण्याची जबाबदारी मंडळात कोणा एकाच्या नावावर नाही.

तरी माझ्या सदनिकेची पाहणी अभियंत्यांकडून तातडीने करवून घ्यावी, पाहणीचा लेखी अहवाल मला द्यावा आणि तीस दिवसांच्या आत दुरुस्ती पूर्ण करावी. विजेच्या बोर्डाचा धोका लक्षात घेता पाहणी तरी याच आठवड्यात व्हावी. बंद केलेली ऑनलाइन तक्रार पुन्हा उघडून तिच्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व संपर्क क्रमांक नोंदवावा, आणि यापुढे कोणतीही तक्रार तक्रारदाराला विचारल्याशिवाय निकाली काढू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत.

या मुदतीत कार्यवाही न झाल्यास मला स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे अथवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. शासकीय गृहनिर्माण संस्थांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच स्पष्ट केले आहे. ती वेळ येऊ नये, अशीच माझी इच्छा आहे. मला खटला नको, कोरडी भिंत हवी आहे.

कृपया या पत्राची पोच आवक क्रमांकासह द्यावी.

आपली विश्वासू,
एक सदनिकाधारक

सोबत : ताबा पत्राची प्रत, पूर्वीच्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, ऑनलाइन तक्रारीच्या शेऱ्याची छापील प्रत, भिंतीची व विजेच्या बोर्डाची छायाचित्रे.