बोटीतल्या हीटर-एसीचं पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार. बोटीत राहणाऱ्यांवर छान लिहिलंत, पण हीटर-एसीचं काहीच नाही. माझा पुतण्या इंग्लंडात कालव्यावरच्या बोटीत राहतो, दोन्ही कामं करणारा एकच बोटीचा एसी बसवायचा म्हणतोय. आता ते मशीन बाहेरचं पाणी ओढून त्यातलीच उष्णता आत आणणार, थंडीत पाणीच बर्फागत गार झालं तर आणणार काय कप्पाळ, आणि धक्क्यावरची लाईट नसली की बॅटरी कितीवेळ पुरणार, पावसाळ्यात आमच्या खानापूरकडं लाईट जाते तेव्हा कळतंय ते. त्यापेक्षा डिझेल हीटर बरा, १२ व्होल्टवर चालतो, धूर पाइपातून बाहेर. फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच, त्या विषारी गॅसला वासच नसतो.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)