पासिंगपुरते टायर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वणी-करंजी रस्त्यावर, मारेगाव तालुक्यातल्या एका फाट्यावर माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. उभ्या ट्रकवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर वरचेवर येतात आणि त्यांत ‘भरधाव’ हा शब्द हमखास असतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाचा मुलगा असाच आदळला. त्याच्या पायात अजून सळई आहे. पंचनाम्यात दोष त्याच्याच वेगाला लागला. दुसऱ्या दिवशी मी तो ट्रक पाहून आलो. मागचे दोन्ही दिवे मेलेले. रिफ्लेक्टरची पट्टी म्हणावी तर होती, पण कोळशाच्या धुळीनं काळी ठिक्कर. बोटानं पुसली तेव्हा कुठं खालचा लाल रंग दिसला.

या ट्रकला पासिंग होतं. म्हणजे कागद पक्का होता.

पासिंग कसं होतं ते माझ्यासारख्या दुकानदाराला विचारा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. त्याच्या आदल्या दिवशी गाडी दारात येते. “भाऊ, उद्या पासिंग हाय, दोन दिवसाले चार टायर दे.” टायर चढतात, दाखला मिळतो, परतीच्या वाटेवर टायर उतरतात आणि जुने, झिजून गुळगुळीत झालेले गोटे पुन्हा चढतात. मी कधीच दिले नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. दुकान नवं होतं तेव्हा दोन वर्षं मीही दिले. पुतण्या पडल्यापासून नाही, पण त्याआधी बंद करायची अक्कल यायला हवी होती.

म्हणून रस्त्यावरच्या तपासणीला महत्त्व. दाखल्याच्या दिवशी गाडी नटून येते, रस्त्यावर ती जशी आहे तशी सापडते. पण आमच्याकडे आरटीओचं पथक दिवसा, हमरस्त्यावर उभं राहतं. ते उभं आहे हे ड्रायव्हर लोकांच्या मोबाइलवर दहा मिनिटांत कळतं आणि गाड्या आतल्या डांबरी रस्त्यानं गावागावांतून निघतात. जी सापडते तिचे आधी कागद पाहतात, विमा, पीयूसी, परमिट. गाडीखाली वाकून पाहणारा साहेब मी क्वचितच पाहिला. खरं तर लागतं किती? टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा झिजली की टायर बाद, हे मोजायला खिशात मावणारी पट्टी पुरते. नट ढिला असेल तर हातोडीच्या ठोक्याला बद्द वाजतो. एअर ब्रेकची गळती कानाला ऐकू येते. एका गाडीला पंधरा मिनिटं.

आणि दोष सापडला तरी काय होतं? चालान. जीवघेणा दोष माहीत असताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे 1,500 रुपये. मोबाइलवर मेसेज येतो आणि गाडी त्याच मेलेल्या दिव्यांनी पुढं निघते. एका ड्रायव्हरनं माझ्याच बाकड्यावर बसून चहा पिता पिता सांगितलं, “चालान फाटलं नं, आता मंग कायले कोणी अडवते?” बल्ब तेव्हा माझ्या शेजारच्या दुकानात होता. त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

जादा मालाचा नियम असा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार दंड, वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, असं कलम 194 मध्येच आहे. (किती वेळा उतरवतात, तो वेगळा विषय.) हाच न्याय दिव्यांना, ब्रेकला, टायरला का नाही? दुरुस्त करा आणि मग जा. वरचेवर सापडणाऱ्या गाडीचा दाखला रद्द करायचा अधिकारही कलम 56 मध्ये आहेच. स्वतःच गाडी हाकणाऱ्या गरीब मालकालाही दंडापेक्षा बल्ब स्वस्त पडेल.

आमच्या शेतकऱ्यांनाही सूट नको. कापूस भरलेली ट्रॉली रात्री जिनिंगबाहेर रस्त्यावरच रांगेत उभी असते, मागे साधा कंदीलही नसतो. जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात तिला पट्टी चिकटवून फोटो काढतात, पण कापूस दिवाळीपासूनच निघालेला असतो.

तेव्हा विनंती एवढीच, की पथकानं येत्या दिवाळीनंतर आठवड्यातून दोन रात्री आतल्या रस्त्यांवरच्या फाट्यांवर उभं राहावं. हातोडी आणि जॅक लागला तर माझ्या दुकानातून न्यावा.

— एक टायर दुकानदार, ता. मारेगाव, जि. यवतमाळ