वीज हरित, मग शिफ्टच्या बस डिझेलच्या का?

महोदय,
गूगलने २०१७ साली आपल्या वर्षभराच्या वापराइतकी सौर आणि पवन वीज खरेदी केली. आता २०३० पर्यंत प्रत्येक तासाची वीज कार्बनमुक्त करण्याचे त्यांचे उद्दिष्ट आहे. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरसाठी वर्षाच्या आणि तासाच्या हिशेबातला हा फरक मोलाचा आहे. ती रात्रंदिवस चालतात आणि सूर्य मावळल्यावर ग्रिडमधून येणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते. वर्षाअखेरीचा हिशेब जुळला म्हणून औष्णिक केंद्राचा रात्रीचा धूर थांबत नाही. त्यासाठी बॅटऱ्यांसारखी वीज साठवण्याची सोय हवी.

मोठ्या कंपन्यांचे सोडा, २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार १०० किलोवॉट भाराचा ग्राहकही खुल्या प्रवेशातून (ओपन ॲक्सेस, म्हणजे ग्रिडमार्फत आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून) हरित वीज घेऊ शकतो. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांनी याचा लाभ जरूर घ्यावा.

खरी तळमळ ठाणे-बेलापूर रस्त्याची आहे. कंपन्यांच्या शिफ्टच्या बसचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली आणि दोन फेऱ्यांमध्ये बस आवारात तासन् तास उभी! चार्जिंगला याहून सोयीचे काय असणार? रबाळे, घणसोली स्थानकांपासून कंपन्यांनी एकत्रितपणे इलेक्ट्रिक बस चालवाव्यात. एमआयडीसी आणि महापालिकेने यासाठी पुढाकार घ्यावा.

— एक वाचक, घणसोली