पाळत सिरियल नंबरवर, काम भलतीकडेच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अग्रलेखात आपण अमेरिकेच्या गुप्तचरांची चांगलीच खरडपट्टी काढलीत. अमेरिकेने निर्बंध घालूनही चीनने ७ नॅनोमीटरची (म्हणजे अतिसूक्ष्म रचनेची, प्रगत) चिप बनवली आणि यांना पत्ताच नाही, असा एकूण सूर. छान. पण गुप्तचरांनी नेमकं काय हुडकायचं होतं, ते लेखात कुठे सापडलं नाही. हुआवे या चिनी कंपनीचा मेट ६० प्रो हा फोन ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमध्ये उघडपणे विकायला आला, तोही अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो तिथे पाहुण्या असताना. कॅनडातल्या टेकइनसाइट्स या कंपनीने तो फोन मिळवला, खोलला आणि आतली ७ नॅनोमीटरची चिप शांघायच्या एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीची आहे हे आठवडाभरात सांगून टाकलं. याच कंपनीला त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, बिटकॉइन खणायच्या एका यंत्रात एसएमआयसीची ७ नॅनोमीटरची चिप सापडली होती. तेव्हा आपला अग्रलेख कशावर होता कोण जाणे.

‘ईयूव्ही यंत्र न मिळताही चीनला हे जमलं कसं!’ असं आपण उद्गारचिन्हासकट छापलंत. (ईयूव्ही म्हणजे चिपवरची अतिसूक्ष्म नक्षी छापणारं सर्वांत नव्या पिढीचं यंत्र.) तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचं उत्पादन सुरू केलं, तेही आधीच्या पिढीतल्या डीयूव्ही यंत्रांवरच. एकाच थराची छपाई पुन्हा पुन्हा करायची. वेळ जातो, खर्च वाढतो, माल जास्त खराब होतो, पण चिप निघते. ही यंत्रं नेदरलँड्सची एएसएमएल कंपनी चीनला रीतसर पावती फाडून विकत होती. त्यातल्या प्रगत यंत्रांना नेदरलँड्सने परवान्याची अट घातली ती सप्टेंबर २०२३ पासून. शिवाय टीएसएमसी आणि सॅमसंग दोन्हीकडे मुरलेले लिआंग मोंग-साँग २०१७ पासून एसएमआयसीच्या सह-प्रमुखपदी. यात चोरून बघण्यासारखं राहिलं काय?

पाळत कशी ठेवतात ते मी स्वतः अनुभवलं आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

भोसरी एमआयडीसीत आमचा कंट्रोल पॅनेलचा छोटा कारखाना होता. एका अमेरिकन कंपनीकडून लॉजिक अ‍ॅनलायझर (सर्किटमधले सिग्नल तपासायचं यंत्र) मागवला होता. तेवढ्यात मे १९९८, पोखरणची अणुचाचणी आणि अमेरिकेचे निर्बंध. ऑर्डर अडकली. का, तर आमच्या माहितीपत्रकातल्या गिऱ्हाइकांच्या यादीत एका सरकारी प्रयोगशाळेचं नाव होतं. तिला आम्ही काय दिलं होतं? बॅटरी चार्जर! मग फॉर्मांवर फॉर्म. यंत्र कोण वापरणार, कुठल्या खोलीत ठेवणार, क्षेपणास्त्रासाठी वापरणार नाही ना. उत्तर पाठवलं की ‘विचाराधीन आहे’ एवढा एक फॅक्स.

पुढल्या वर्षी यंत्र एकदाचं आलं आणि मागोमाग दिल्लीहून तपासणीला एक गोरा साहेब. दसरा नुकताच झालेला. आमच्या फोरमनने खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर त्या अ‍ॅनलायझरचीही पूजा केलेली. सिरियल नंबरच्या पट्टीवर नेमकं हळदकुंकू आणि वर सुकलेला झेंडूचा हार. साहेबाने हार अदबीने बाजूला केला, रुमालाने कुंकू पुसलं, आकडा कागदाशी ताडून पाहिला, फोटो काढला आणि खूश झाला. त्याच्या पाठीमागच्याच टेबलावर फोरमनने लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या आयसी (चिप) आणून त्याच कामासाठी जोडलेली खटपट पडली होती. तारांचं जंजाळ नुसतं, एका जागी तर सुतळीने बांधलेलं. यंत्र येईपर्यंत आमचं काम तिच्यावरच निघालं आणि खरं सांगायचं तर नंतरही बरंच निघालं. तिच्याकडे साहेबाने ढुंकूनही पाहिलं नाही. ती फॉर्मात नव्हती ना! (अमेरिकेचा क्रे महासंगणक मिळेना तेव्हा पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक उभा केला, हे पुणेकर वाचकांना मी सांगायला नको.)

रायमोंडोबाईंनी सप्टेंबर २०२३ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं की, चीन अशा चिप मोठ्या प्रमाणावर बनवू शकतो याचा पुरावा आमच्याकडे नाही. आपण त्याला ‘हास्यास्पद’ म्हणालात. मला सगळ्या प्रकरणात तेवढंच बोलणं मुद्द्याचं वाटलं. चिप निघणं वेगळं आणि एका वेफरमागे (सिलिकॉनच्या ज्या चकतीवर चिप छापतात तिच्यामागे) किती धड निघतात ते वेगळं. तो आकडा जहाजाच्या कागदपत्रांत नसतो, उपग्रहाच्या फोटोतही नसतो. तो शिफ्ट इंजिनिअरच्या वहीत असतो आणि ती वही तो आपल्या साहेबालाही सुखासुखी दाखवत नाही. हुआवेसारखी कंपनी अमेरिकेने काळ्या यादीत टाकली, तिला माल विकायला मनाई केली की झालं, असं मानणाऱ्यांचं काय झालं बघा: २०२४ मध्ये हुआवेच्या एआय प्रोसेसरमध्ये खुद्द टीएसएमसीची चिप निघाली. कोणाला सापडली? पुन्हा टेकइनसाइट्सलाच, पुन्हा खोलूनच.

जाता जाता आणखी एक. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा आपल्या पहिल्या पानाला सुतक लागलं होतं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, ती बातमी मात्र आतल्या पानावर, राशिभविष्याखाली दडपलेली. शांघायच्या कारखान्यांवर नजर ठेवायला आपल्याकडे अग्रलेखाची जागा आहे, तर तळेगावच्या त्या जागेचं पुढे काय झालं हे बघायला एखादा वार्ताहर पाठवा की. पुण्याहून लोकल जाते.

आपला,
एक निवृत्त कारखानदार, निगडी
(कृपया नाव छापू नये.)