खाटा नाहीत म्हणून तपासणीही नाही

महोदय,

डेंगीचे दिवस आले की महापालिकेचे आरोग्य पथक सोसायट्यांमधून फिरते. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरची पिंपे उचलून पाहते, अळ्या सापडल्या की नोटीस बजावते, दंडही करते. योग्यच आहे. पण तापाने फणफणलेला माणूस सर्वांत आधी कोपऱ्यावरच्या ज्या दवाखान्यात जातो, तिथली सुई, तिथला फ्रिज, तिथला कचऱ्याचा डबा पाहायला कोण येते? मी निवृत्त परिचारिका आहे, त्यामुळे या गोष्टींकडे माझी नजर आपोआप जाते.

आपल्याकडे खासगी रुग्णालयांवर देखरेख होते ती १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने. दर तीन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये नियमांत सुधारणा झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणेही बंधनकारक आहे. पण हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी. टेबल, पडदा आणि तपासायचा एक बाक एवढाच संसार असलेला दवाखाना त्यात बसत नाही. केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात असे दवाखानेही येतात, मात्र महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. कायद्याने नोंदणीच नाही, मग शहरातल्या दवाखान्यांची पूर्ण यादी तरी येणार कुठून? अधूनमधून बोगस डॉक्टर शोधायची मोहीम निघते. ती पदवी खरी की खोटी एवढेच पाहते. खऱ्या पदवीच्या डॉक्टरांकडे काम कसे चालते, हा प्रश्न तिच्या कक्षेत येतच नाही.

तपासायचे काय, असे कुणी विचारेल. मी आत गेले तर आधी इंजेक्शनच्या बाटल्या पाहीन. एका बाटलीतून अनेकांना औषध द्यायचे असेल, तर ती कधी उघडली त्याची तारीख तिच्यावर हवी. रबरी बुचात सुई तशीच खोचून ठेवायची आणि प्रत्येक रुग्णासाठी तिच्यातूनच औषध ओढायचे, ही सवय दिसायला किरकोळ असली तरी संसर्ग पसरायला पुरेशी आहे. मग जखम शिवायची हत्यारे. पाण्यात उकळली म्हणजे ती निर्जंतुक झाली असे नव्हे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली किमान पंधरा मिनिटे ठेवावी लागतात, आणि यंत्र नीट चालले की नाही हे सांगणारी पट्टीही मिळते. लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहायला हवा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी तास न् तास वीज जाते, तेव्हा त्या फ्रिजचे तापमान किती होते याची वही ठेवलेली असते का? त्याच फ्रिजमध्ये कंपाउंडरचा डबा असेल तर दार किती वेळा उघडते, हे वेगळे सांगायला नको. आणि एक छोटी पेटी: इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर लागणारे अॅड्रेनलिन तिच्यात आहे का, मुदत संपलेले तर नाही ना. काही दवाखान्यांत ‘अशक्तपणा’वर दुपारभर सलाइन लावून संध्याकाळी घरी सोडतात. कागदोपत्री खाट नाही, पण माणूस आडवा झालेला असतोच! तिथे तर ही पेटी हाताशी हवीच.

पुडीतल्या गोळ्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी आपल्या रुग्णाला स्वतःकडचे औषध देण्यात गैर काही नाही. गरिबाला ते परवडते, दुसऱ्या दुकानाची पायपीट वाचते. पण पुडीवर नाव नाही आणि केसपेपर दवाखान्यातच. मग रात्री त्रास वाढून माणूस कॅज्युअल्टीत आला, की आम्ही विचारायचो, काय घेतलेत? उत्तर ठरलेले: एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी गुलाबी. त्या अर्ध्या गुलाबीत स्टेरॉइड होते की आणखी काही, हे नातेवाइकांना कसे ठाऊक असणार? पुडीवर औषधाचे नाव आणि मात्रा लिहायला अर्धा मिनिट लागतो.

नियम अगदीच नाहीत असे नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवावा, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायच्या आणि कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. पुण्यात दवाखान्यांवर पाट्यांना काय कमी आहे? चपला बाहेर काढा, मोबाइल बंद ठेवा, दुपारी एक ते चार बेल वाजवू नका. नोंदणी क्रमांक आणि तपासणी फी लिहिलेली पाटी तेवढी शोधावी लागते.

माझी लेक इंग्लंडमध्ये असते. तिथे ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही संस्था २००९ पासून आरोग्यसेवेची तपासणी करते, आणि २०१३ पासून फॅमिली डॉक्टरांचे दवाखानेही तिच्या कक्षेत आहेत. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, रुग्णाशी आपुलकीने वागतात का, त्याच्या गरजेला धावून जातात का, कारभार नीट चालतो का, या पाच प्रश्नांवर ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरे’ अशा चार श्रेणी ठरतात, आणि मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावणे सक्तीचे असते. तिकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या पाहणीत या संस्थेवर कडक ताशेरे ओढले गेले: तपासण्या वर्षानुवर्षे रखडलेल्या, निरीक्षकांना त्या क्षेत्राचा पुरेसा अनुभव नाही. आपण काही सुरू केलेच, तर ही दुसरी बाजूही वाचून सुरू करावे.

‘इन्स्पेक्टर राज येईल’ ही डॉक्टर मंडळींची भीती मला खोटी वाटत नाही. कमी फीमध्ये दिवसभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या दारात अधिकाऱ्याने चिरीमिरीसाठी उभे राहावे, असे कुणालाच वाटणार नाही. पण सोनोग्राफी केंद्रांची ठरावीक मुदतीत तपासणी होते, गर्भवतींच्या सोनोग्राफीची नोंद असलेले एफ फॉर्म पाहिले जातात. सरकारी आरोग्य केंद्रांचे ‘कायाकल्प’ या स्वच्छतेच्या योजनेत गुणांकन होते. म्हणजे तपासणी कशी करायची हे यंत्रणेला माहीत आहे. दवाखान्यांनाच तेवढे वगळलेले आहे.

आयुक्तांनी आणि आरोग्यप्रमुखांनी कायदा बदलण्याची वाट न पाहता एवढे करावे. डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेऊन एक पानी तपासणीपत्रिका तयार करावी. तपासायला आरोग्य निरीक्षकाबरोबर एक अनुभवी डॉक्टर आणि एक परिचारिका पाठवावी. पहिल्या फेरीत दंड नको, फक्त सुधारणा सांगाव्यात आणि मुदत द्यावी. दुसऱ्या फेरीनंतरचा निकाल मात्र दवाखान्याच्या दारावर आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावा. सुरुवात स्वतःच्याच दवाखान्यांपासून आणि एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीपासून केली तरी चालेल. सिंहगड रस्त्याच्या भागापासून झाली तर बरे. २०२५ च्या जानेवारीत इथेच जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा लोक हातापायांतली ताकद गेल्याची तक्रार घेऊन आधी अशाच छोट्या दवाखान्यांत गेले होते.

– एक निवृत्त परिचारिका, धायरी, पुणे