काट्यावरच्या मामांना, मनापासून थँक्यू

मामा, तुमचा तो बटणांचा फोन, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत थेट पोचणार नाही. नातू वाचून दाखवेल या आशेवर लिहितोय, कारण समोर आलो की माझ्या तोंडून थँक्यू सोडून भलतंच काहीतरी निघतं.

तो मंगळवार आठवतोय ना. शिरोली एमआयडीसीत शॉप टाकून जेमतेम आठ महिने झालेले, त्यात सोसायटीच्या टेरेसच्या रेलिंगचं काम लमसम रेटने घेऊन बसलेलो. दीड इंची एमएस म्हणजे साध्या पोलादाचे पाइप, मीडियम जाडीचे, सहा मीटरचे ४० नग. माझा हिशेब ६९७ किलो. तुमच्या वजनकाट्यावर टेम्पोचं आधी रिकामं वजन झालं, मग भरलेलं, आणि मालाची स्लिप आली ८५० किलोची. दीडशे किलो जास्त! ७५ रुपये किलोने साडेअकरा हजाराच्या आसपास गेले, आणि त्या कामात सुटणार होते तेच मुळी तेवढे. मी तिथूनच पाइप विकणाऱ्या यार्डवाल्याला फोन लावला आणि चोर म्हणालो, वर तुमच्यासमोर तुमच्याच काट्याला पण नावं ठेवली. लाज वाटते अजून.

तुम्ही चिडला नाहीत. "जेवणाच्या सुट्टीत येतो शॉपवर, तोवर पाइप कापू नकोस," एवढंच म्हणालात.

आता कोटेशन देताना पाइपचं वजन कसं काढायचं ते मी कुणाला विचारलंच नव्हतं असं पण नाही. जिथे चार वर्षं नोकरी केली तिथल्या साहेबांना फोन केला होता, ते म्हणाले डिप्लोमा कसा काय पास झालास रे तू, आणि बाजूला बसलेल्यांना पण ऐकवलं, मला मागचं हसणं ऐकू येत होतं. एक माल विकणारा म्हणाला काट्यावर येईल ते वजन, डोक्याला ताप कशाला. कॉलेजच्या मित्राने एक अॅप पाठवलं आणि अंगठा दाखवून मोकळा झाला. अॅपचा दोष नाही म्हणा, मी पाइपचा व्यास म्हणून ४० एमएम टाकलं, त्याने ४० चं उत्तर दिलं.

तुम्ही आलात, डबा पण तसाच पिशवीत. जमिनीवर ५ एमएमची प्लेट पडलेली, तिच्याशेजारी उकिडवे बसलात आणि खडू माझ्या हातात दिलात. तू मांड, मी बघतो. मी मांडलं, ओडी म्हणजे बाहेरचा व्यास, त्यातून वजा थिकनेस, गुणिले थिकनेस, गुणिले ०.०२४६६. दीड इंची म्हणजे ४० एमएम धरून ४० वजा ३.२, मीटरला २.९ किलो. तुम्ही काही बोलला नाहीत, माझंच व्यास मोजायचं व्हर्नियर उचलून मला दिलंत आणि पाइपकडे मान केलीत. लावलं तर ४८ च्या वर! मी दोनदा लावलं. ४० एनबी हे नुसतं पाइपचं नाव हाय लेका, म्हणालात, बाहेरून ४८.३, आतून ४२ च्या आसपास, ४० कुठंच न्हाई. परत मांडलं तर मीटरला ३.५६ किलो, २४० मीटरचे ८५४. काटा बरोबर, यार्डवाला बरोबर, मी चुकलेलो.

आणि मामा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते आता. तेवढ्यात माझी पोरं जेवून येताना दिसली, वेल्डर आणि दोन हेल्पर. प्लेटवर माझा तो चुकीचा हिशेब एवढा मोठा लिहिलेला, खाली तो ६९७. पोरं दारात यायच्या आत तुम्ही तळहाताने ते पुसून टाकलंत, खालचं बरोबर तेवढं ठेवलंत. सुकलेल्या ऑइलने आणि खडूने हात पांढराकाळा झाला, तो पॅंटला पुसलात आणि मोठ्याने म्हणालात, "शेटनी हिशेब बरोबर काढलाय, लागा कामाला." शेट! मी सत्तावीस वर्षांचा, तो वेल्डर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा.

घरी जाऊन बायकोला सांगताना मला रडू आलं, पैशासाठी नाही. एवढ्या वर्षांत मला चूक चारचौघांत दाखवणारेच भेटले, शाळेपासून. नोकरीत तर मीटिंग त्यासाठीच असायची. कुणी बघायच्या आत आपली चूक पुसायची असं दुसऱ्या कुणाला सुचतं हेच मला माहीत नव्हतं, आणि ते पण त्या माणसाला ज्याच्या काट्याला मी दोन तासांपूर्वी खोटा म्हणालो होतो.

नंतर डबा खाता खाता जे सांगितलंत ते सगळं वहीत आहे. ०.०२४६६ म्हणजे पाय गुणिले ७.८५, ही पोलादाची घनता, भागिले हजार, म्हणून स्टेनलेसला तो आकडा थोडा वाढतो आणि अॅल्युमिनियमला एक तृतीयांशाच्या आसपास येतो. सळीचं मीटरचं वजन म्हणजे व्यास गुणिले व्यास भागिले १६२, त्यातला १६२ पण त्याच ७.८५ मधून निघतो, आणि मी तीन वर्षं तो पाठ केला, एकाही सरांनी सांगितलं नाही कुठून येतो. प्लेट तर काय, एक एमएमला चौरस मीटरमागे ७.८५ किलो, तोंडावर.

साडेअकरा हजार गेले ते गेलेच, सोसायटीवाले एक रुपया वाढवून देईनात. यार्डवाल्याकडे जाऊन सॉरी म्हणालो, त्याने चहा पाजला, तो किस्सा वेगळा. त्या प्लेटच्या बेस प्लेट कापून झाल्या, तुमचा हात फिरलेला तुकडा पण रेड ऑक्साइड मारून टेरेसवर गेला.

गुरुवारी शेडचा माल येतोय मामा, अँगल, चॅनेल आणि पाइप. टेम्पो काट्यावर चढवला की आधी मी माझा आकडा सांगणार, मग तुम्ही स्लिप काढा.