मदत घेणाऱ्याचा चेहरा छापू नका

महोदय,

कुठे पूर आला, आग लागली, की चार-दोन दिवसांत मदतवाटपाचे फोटो छापून येतात. एकाच ब्लँकेटला सहा हात लागलेले असतात. देणारे कॅमेऱ्याकडे पाहत असतात आणि घेणारी बाई मान अर्धवट उचलून उभी असते. ‘जरा वर बघा’ असे तिला कोणीतरी म्हटलेले असणार. फोटोखाली देणाऱ्यांची नावे, हुद्द्यांसकट. तिचे नाव नसते, पण चेहरा स्पष्ट दिसतो. हा चेहरा छापू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

‘नको असेल तर तिने नाही म्हणावे,’ असे सांगितले जाते. घर वाहून गेलेले, मुले थंडीने कुडकुडताहेत, अशा वेळी कोण नाही म्हणेल? वस्तू हातात पडण्याआधी विचारून मिळालेला होकार मी होकार मानत नाही.

आपत्तीत काम करणाऱ्या संस्थांसाठी रेड क्रॉस चळवळ आणि इतर मदतसंस्थांनी १९९४मध्ये आचारसंहिता केली. तिचे शेवटचे, दहावे तत्त्व हेच सांगते: प्रसिद्धी करताना आपद्ग्रस्तांना लाचार म्हणून नव्हे, सन्मान असलेली माणसे म्हणून दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांविषयीच्या १९८९च्या कराराने मुलांच्या खासगीपणाला आणि प्रतिष्ठेला संरक्षण दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या कराराचे आठवे कलम तर थेट माध्यमांचा उल्लेख करते. तरीही नव्या व्हीलचेअरवर बसवलेला माणूस, मागे देणगीदारांचा फलक आणि खाली ‘बिचाऱ्याला आधार’ अशी ओळ, हे थांबलेले नाही.

मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पूर्वी अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. आता तोच फोटो इंटरनेटवर राहतो आणि दहा वर्षांनी त्या मुलाच्या वर्गमित्राच्या हाती लागतो. ती मदत केव्हाच संपलेली असते.

देणगीदारांना हिशेब हवा, हे मान्य. पण त्यासाठी पावत्या आहेत, वाटपाच्या याद्या आहेत, सामान भरलेल्या गाडीचा फोटो आहे. त्याला कोणाचे डोळे कशाला हवेत?

संकटात सापडलेल्यांना अंकातून गायब करा, असे मात्र मी म्हणत नाही. ज्यांना बोलायचे आहे, त्यांना पूर्ण नावाने बोलू द्या, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत छापा. मदत कुठे पोहोचली नाही, कोणाला रांगेतून हाकलले, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार?

आपल्या वृत्तपत्राने निदान एवढा नियम करावा आणि तो वाचकांसाठी छापावा: मदत घेणाऱ्या लहान मुलांचे चेहरे अजिबात नाहीत. मोठ्यांचे छापायचे तर वाटप उरकल्यावर, देणारे समोर नसताना, फोटो कुठे कुठे दिसेल हे समजावून परवानगी घ्यावी. आणि नंतर कोणी ‘काढून टाका’ म्हटले, तर कारण न विचारता तो संकेतस्थळावरून काढावा.

— आपला एक नियमित वाचक